तोफा मोजता, मग टँकरही मोजा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

नौदल दिनाच्या आपल्या पुरवणीत युद्धनौका, क्षेपणास्त्रं, वेग सगळं आलं, पण तेल पुरवणाऱ्या जहाजांवर एक ओळ नाही. इंजिनरूममध्ये उमेदीची वर्षं घालवलेल्या माझ्यासारख्याला ते खटकलं. बेळगावात मराठा लाइट इन्फंट्रीमुळे फौजेच्या गप्पा घरोघरी रंगतात. कारवारचा नाविक तळ शेजारच्याच जिल्ह्यात असूनही समुद्राचं कुणी बोलत नाही.

भर समुद्रात तेल घेताना दोन जहाजं हाकेच्या अंतरावर, एकाच वेगात चालतात. मध्ये होज, म्हणजे तेलाचा लवचीक पाइप, लोंबतो, खाली पाणी उसळत असतं. वेग जरा चुकला की होज ताणला जातो, म्हणून ब्रिजवरून सारखे हुकूम: पंख्याचे दोन फेरे वाढवा, एक कमी करा. ही सोय नसेल तर विनाशिकेला लढाई सोडून बंदर गाठावं लागेल. सौंदत्तीच्या यात्रेला गाडी जुंपण्याआधी वैरण भरतात, तसंच हे.

याचं जुनं उदाहरण पाहा. जपानशी युद्धाची ‘ऑरेंज’ योजना अमेरिकेने विसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच हाती घेतली. नौदलांवर मर्यादा घालणाऱ्या १९२२च्या वॉशिंग्टन करारामुळे तिला आपल्या ताब्यातल्या फिलिपिन्स आणि ग्वाममध्ये नवी तटबंदी करता येईना. मग तळ सोबतच न्यायचा, या विचारातून टँकर, दुरुस्तीची जहाजं, तरंगत्या गोद्या यांना महत्त्व आलं. योजनेत रंगवलेली बड्या युद्धनौकांची निर्णायक झुंज तशी झाली नाही, विमानवाहू नौकांनी डाव पालटला. तरी १९४४ मध्ये पॅसिफिकमधल्या उलिथीच्या प्रवाळबेटांत अमेरिकी आरमार तळ ठोकून राहिलं ते याच पुरवठा जहाजांच्या जिवावर. जपाननेही घराजवळच्या एका मोठ्या लढाईसाठी आरमार बांधलं होतं. मालवाहू जहाजांच्या राखणीकडे काणाडोळा केला आणि अमेरिकी पाणबुड्यांनी ती बुडवली.

अशी तयारी फार आधी सुरू करावी लागते. आपल्याकडे पाणबुड्यांची तीस वर्षांची योजना १९९९ मध्ये मंजूर झाली. त्यातली पहिली ‘कलवरी’ दाखल झाली डिसेंबर २०१७ मध्ये. म्हणजे आजचा नौदलप्रमुख जे मागेल ते पुढच्या पिढीतल्याच्या हाती पडणार!

ऑगस्ट २०२३ मध्ये विशाखापट्टणमच्या हिंदुस्थान शिपयार्डला पाच पुरवठा जहाजांचं काम मिळालं, प्रत्येकी ४४ हजार टनांचं, मिळून सुमारे १९ हजार कोटींचं. त्याची प्रगती आपल्या प्रतिनिधीने अधूनमधून छापावी.

आपला,
एक निवृत्त नौसैनिक
खानापूर, जि. बेळगाव