कृषिमंत्र्यांना खुलं पत्र: ज्वारीच्या आतली बुरशीपण जपायला हवी

मा. कृषिमंत्री, महाराष्ट्र राज्य यांस,
सप्रेम नमस्कार.

साहेब, बुरशी म्हटलं की आपल्याकडे पहिला प्रश्न असतो, कुठलं औषध मारू? त्यात चुकीचं काही नाही, करपा-तांबेरा आला की मारावंच लागतं. पण मी लिहितोय ती बुरशी रोगाची नाही. ती निरोगी, हिरव्यागार पिकाच्या पानात, खोडात, मुळात राहते, वरून काही दिसत नाही, पिकाचं काही बिघडत नाही, उलट कधी कधी फायदाच होतो. मी सोलापूर जिल्ह्यात मायक्रोबायोलॉजी शिकवतो आणि घरची ज्वारी आहे, म्हणून हा विषय मला दोन्ही बाजूंनी जवळचा.

प्रॅक्टिकलला आम्ही एकही डाग नसलेलं ज्वारीचं पान घेतो, धुतो, आधी अल्कोहोलमध्ये, मग सोडियम हायपोक्लोराइटमध्ये बुडवतो आणि निर्जंतुक पाण्यानं खळबळून काढतो, म्हणजे वरचं सगळं मेलं. मग बारीक तुकडे कापून बटाट्याच्या आगरवर, म्हणजे बुरशी वाढवायच्या जेलीवर, ठेवायचे. शेवटच्या पाण्याचा थेंबसुद्धा वेगळ्या प्लेटमध्ये टाकायचा आणि ती प्लेट कोरी राहिली तरच निकाल खरा धरायचा. काही दिवसांनी तुकड्याच्या कापलेल्या कडेतून तंतू बाहेर यायला लागतात, पांढरे, करडे, कधी काळपट हिरवे. मुलं विचारतात, सर हे पान आजारी होतं का? नव्हतं.

आता याचा शेतकऱ्याला उपयोग काय, तर ऐका. राजस्थानात थरच्या वाळवंटात झुडपांच्या मुळांजवळच्या मातीतून प्रा. अजित वर्मा आणि सहकाऱ्यांना एक बुरशी मिळाली, १९९८ साली तिची पिरिफॉर्मोस्पोरा इंडिका या नावानं नोंद झाली. २००५ मध्ये जर्मनीतल्या संशोधकांनी दाखवलं की ती बार्लीच्या मुळात वस्तीला आली की बार्ली खारटपणा जास्त सोसते, रोगाला कमी बळी पडते आणि उत्पन्नही वाढतं. वाळवंटात ही सापडत असेल तर आपल्या रब्बी ज्वारीत काय काय असेल? सप्टेंबर-ऑक्टोबरात पेरायची, पुढे पाऊस जवळपास नाहीच, काळ्या मातीत साठलेल्या ओलीवर कणीस भरायचं. मालदांडी, दगडी, हुरड्याची गूळभेंडी, ही वाणं पिढ्यानपिढ्या असल्या कोरड्यात तग धरून आहेत, त्यांच्या आत कोण राहतं हे बघायला नको का?

न्यूझीलंडची गोष्ट तर कृषी खात्यातल्या प्रत्येक अधिकाऱ्यानं वाचावी अशी आहे. तिथे रायग्रास नावाचं चराईचं गवत आहे, ते खाऊन मेंढ्या थरथरायच्या, तोल जाऊन पडायच्या. १९८० च्या सुमारास कळलं की कारण गवताच्या आतली एपिक्लोई बुरशी. मग बुरशी नसलेलं गवत लावून बघितलं, तर खोडात शिरणाऱ्या एका सोंड्यानं कुरणं फस्त केली, कारण तीच बुरशी त्या किडीला रोखून धरत होती. तिथल्या लोकांनी विषय सोडला नाही. ठिकठिकाणच्या गवतातल्या बुरशा तपासून अशा निवडल्या ज्या सोंड्याला नडतात पण मेंढीला थरथरवणारं विष तयार करत नाहीत, एआर१ ही त्यातलीच. आज तिथे गवताचं बियाणं घेताना आतली बुरशी कुठली हेही बघून घेतात, आणि बियाणं थंड जागेत ठेवतात, कारण उबदार गोदामात बी उगवणीला चांगलं राहतं पण आतली बुरशी मरून जाते.

आत राहणारी प्रत्येक बुरशी चांगलीच असते असं मात्र मी अजिबात म्हणत नाही. आंब्याला देठकुज करणारी लासिओडिप्लोडिया फांदीत गप्प बसलेली असते आणि फळ पिकायला लागलं की कुजवते. फ्युजेरियमच्या काही जाती मक्यात, ज्वारीत लक्षण न दाखवता राहू शकतात, आणि १९९५ मध्ये दख्खनच्या काही गावांत अवकाळी पावसात भिजून बुरसलेली ज्वारी-मका खाऊन लोकांना पोटदुखी आणि जुलाब झाले तेव्हा त्या धान्यात फ्युजेरियमचंच विष, फ्युमोनिसिन, सापडलं होतं. शिवाय कुंडीत जमलेलं शेतात जमेलच असंही नाही. म्हणून अशी बुरशी पाकिटात भरून विकायची घाई नको, आधी नीट तपासणी हवी, आणि तपासायला आधी ती बुरशी हातात तर हवी!

माझं मुख्य म्हणणं इथेच आहे. जुन्या वाणांचं बियाणं दिल्लीच्या राष्ट्रीय जनुक बँकेत उणे १८ अंशांवर ठेवतात, फार चांगलं काम आहे ते. पण एपिक्लोईसारखी बियाण्यातून पुढच्या पिढीत जाणारी बुरशी हा अपवाद, बाकी पिकांच्या आतल्या बहुतेक बुरशा मातीतून, हवेतून, धसकटातून दर हंगामात नव्यानं शिरतात. म्हणजे बी दिल्लीत सुरक्षित आणि बुरशी मात्र मंगळवेढ्याच्या शेतातच. ते शेत मोडलं, ज्वारी जाऊन तिथे दुसरं पीक आलं, की ती गेली. घरातलं विरजण संपलं तर शेजारून आणता येतं, हिच्यासाठी शेजार नाही.

यासाठी नवी इमारत लागत नाही. पुण्यात आघारकर संशोधन संस्थेत राष्ट्रीय बुरशी संग्रह आहे. राहुरी, अकोला, परभणी, दापोली अशी चार कृषी विद्यापीठं आहेत, सोलापुरात रब्बी ज्वारीचं केंद्र आहे, आणि वर सांगितलेली प्लेट लावता येईल अशी लॅब अनेक कॉलेजांत आहे. मुलांनी नमुने घ्यायचे, बुरशी वेगळी काढायची, विद्यापीठानं डीएनएवरून ओळख पटवायची, कल्चर पुण्याला जपायचं. आणि कुठल्या गावातून, कुठल्या वाणातून आली ते गावाच्या जैवविविधता नोंदवहीत लिहायचं, म्हणजे उद्या कोणी त्यावर प्रॉडक्ट काढलं तर २००२ च्या जैवविविधता कायद्याखाली त्या गावाला वाटा मागता येईल.

आणखी एक. ट्रायकोडर्मा या रोगाच्या बुरशीला रोखणाऱ्या जिवंत बुरशीची पाकिटं आता खेडोपाडी मिळतात, पण मी ती पत्र्याच्या दुकानात भर मे महिन्यात तापताना बघितलीत, आणि तेच पाकीट कार्बेन्डाझिम या बुरशीनाशकासोबत कालवून बियाण्याला चोळतात, ज्यानं आतली ट्रायकोडर्माच मरते. जिवंत बुरशी कशी ठेवायची हे दुकानदाराला शिकवल्याशिवाय पुढचं सगळं फुकट जाईल.

नमुने पीक हिरवं असताना, म्हणजे डिसेंबरपर्यंत घ्यावे लागतात. आपल्या खात्याचं पत्र ऑक्टोबरात विद्यापीठांना आणि कॉलेजांना गेलं तर याच रब्बीत काम सुरू होईल. सोलापूर जिल्ह्यातल्या नमुन्यांसाठी मी आणि माझे विद्यार्थी तयार आहोत.

आपला,
सोलापूर जिल्ह्यातला एक शिक्षक आणि ज्वारी उत्पादक