पाऱ्याच्या आकड्याशेजारी सरासरीही छापावी

संपादक महोदय,

स. न. वि. वि.

आपल्या दैनिकात नाशिकचे कमाल आणि किमान तापमान रोज न चुकता छापून येते; परंतु त्या तारखेला ते साधारणपणे किती असते, हा दुसरा आकडा त्याच्या शेजारी कधीच नसतो. या एका उणिवेमुळे हवेच्या बातम्या वाचकाला दचकवतात, समजावून मात्र काही सांगत नाहीत, असे माझे स्पष्ट मत आहे. डिसेंबरात पारा दहाच्या खाली उतरला की ‘जिल्ह्यात थंडीची लाट’ हा मथळा ठरलेलाच. भारतीय हवामान विभागाच्या निकषानुसार मात्र मैदानी भागात किमान तापमान १० अंश सेल्सिअस किंवा त्याहून कमी असावे लागते आणि शिवाय ते त्या काळाच्या सरासरीपेक्षा निदान ४.५ अंशांनी खाली असावे लागते, तेव्हाच थंडीची लाट मानली जाते. पारा ४ अंशांवर किंवा त्याखाली गेला, तरच सरासरीकडे पाहण्याची गरज उरत नाही. उन्हाळ्यातील उष्णतेच्या लाटेचेही तसेच आहे. म्हणजे ज्या शब्दाची व्याख्याच सरासरीवर उभी आहे, तो शब्द आपण सरासरी न सांगता सर्रास वापरतो. नाशिकची थंडी हा आम्हा नाशिककरांच्या अभिमानाचा विषय असल्यामुळे याबद्दल कोणी तक्रार करीत नाही, ही गोष्ट वेगळी.

ही सरासरी म्हणजे मागच्या चार-पाच वर्षांची ढोबळ आठवण नव्हे. जागतिक हवामान संघटनेच्या पद्धतीप्रमाणे ती सलग ३० वर्षांच्या नोंदींवरून काढतात आणि दर दहा वर्षांनी पुढे सरकवतात. सध्या १९९१ ते २०२० हा कालखंड धरला जातो. एखादे वर्ष फार पावसाचे, एखादे कोरडे, एखादा हिवाळा नावापुरताच, असे चढउतार त्यात सामावले जावेत यासाठी एवढा मोठा काळ लागतो. आजची हवा कशी आहे हा एका दिवसाचा प्रश्न आहे आणि नाशिकचे हवामान कसे आहे हा तीन दशकांचा. पहिल्या प्रश्नाच्या उत्तरावरून दुसऱ्याचा निकाल परस्पर लावता येत नाही.

हवामान घडविणाऱ्या कारणांत पहिला मान अर्थातच सूर्याच्या उंचीचा. पृथ्वीचा अक्ष साडेतेवीस अंशांनी कललेला असल्यामुळे ऋतू होतात. सूर्यापासूनचे अंतर हे त्याचे कारण नव्हे, कारण पृथ्वी सूर्याच्या सर्वांत जवळ येते ती जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात, ऐन आपल्या थंडीत. नाशिक सुमारे २० अंश उत्तर अक्षांशावर असल्याने येथे सूर्य वर्षातून दोनदा बरोबर डोक्यावर येतो, २० मेच्या आणि २३ जुलैच्या आसपास. ऊन दोन्ही वेळा सारखेच सरळ पडायला हवे. तरी मे तापतो आणि जुलै गार असतो, कारण जुलैत मधे ढग असतात आणि ओल्या जमिनीवरील पाणी आटवण्यात बरीच उष्णता खर्च होते. उंचीचेही असेच अर्धे सत्य सांगितले जाते. समुद्रसपाटीपासून दर किलोमीटरला सरासरी साडेसहा अंशांनी हवा थंड होत जाते, म्हणून सुमारे ६०० मीटर उंचीवरचे नाशिक मुंबईपेक्षा थंड असावे. प्रत्यक्षात मे महिन्याच्या दुपारी नाशिक अधिक तापते, कारण मुंबईला समुद्राचा शेजार आहे. पाणी सावकाश तापते, सावकाश निवते. आपली काळी जमीन दिवसा भराभर तापते आणि रात्री तितक्याच लवकर गार होते.

पावसाच्या बाबतीत आपला जिल्हा तर भूगोलाच्या वर्गात दाखवावा असा आहे. अरबी समुद्र येथून सरळ रेषेत शंभर-सव्वाशे किलोमीटरवर आहे आणि मधे सह्याद्री उभा आहे. नैर्ऋत्येकडून आणि पश्चिमेकडून येणारे बाष्पाने भरलेले वारे या भिंतीशी वर चढतात, वर दाब कमी असल्याने हवा प्रसरण पावते, प्रसरणाने थंड होते, बाष्पाचे थेंब होतात आणि इगतपुरी-त्र्यंबकेश्वर पट्ट्यात कोसळतात. घाटमाथा ओलांडून खाली उतरणारी हवा पुन्हा दाबली जाते, तापते आणि ढग विरू लागतात. त्यामुळे इगतपुरीत वर्षाला सुमारे तीन हजार मिलिमीटर पाऊस होतो, नाशिक शहरात साधारण सातशे आणि येवला-नांदगावकडे पाचशेच्या आसपास. अशा जिल्ह्याच्या पावसाची एकच सरासरी काढून ‘जिल्ह्यात समाधानकारक पाऊस’ असे लिहिणे येवल्याच्या शेतकऱ्याला काय वाटत असेल, याचा विचार व्हावा. शहरवासीयांचाही असाच गोंधळ होतो. पंचवटीत ऊन पडलेले असताना रामकुंडावर गोदावरीच्या पात्रातला दुतोंड्या मारुती, ज्याच्यावरून आम्ही पूर मोजतो, कमरेपर्यंत बुडतो, कारण गंगापूर धरणातून नदीत सोडलेले पाणी त्र्यंबकच्या डोंगराळ भागातले असते. शहरात पडलेल्या पावसाचा त्याच्याशी संबंध थोडाच.

निफाडच्या थंडीबद्दल थोडे सविस्तर लिहितो, कारण दर हिवाळ्यात सर्वाधिक मथळे तिचेच असतात. निफाडजवळच्या कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रातील नोंद नाशिक शहराच्या नोंदीपेक्षा बहुधा कमी असते. निरभ्र, कोरड्या आणि वारा पडलेल्या रात्री जमीन आपली उष्णता मोकळ्या आकाशाकडे टाकून देते. जमिनीलगतची हवा थंड होऊन जड होते आणि पाण्यासारखी उताराने वाहत गोदावरी-कादवाकाठच्या सखल शेतांत साचते. शहरात मात्र सिमेंट आणि डांबर दिवसाची उष्णता पहाटेपर्यंत धरून ठेवतात. उत्तर भारतावरून पश्चिमी विक्षोभ, म्हणजे हिवाळ्यात पश्चिमेकडून येणारी ढग-पावसाची वादळी प्रणाली, सरकून गेला की मागोमाग कोरडे उत्तरी वारे येतात आणि किमान तापमान झपाट्याने उतरते. दोन दिवसांनी ढग आले की तेच चार-पाच अंशांनी चढते. या चढउतारात हवामान बदलले असे काही नसते. आणखी एक बारकावा आहे. अधिकृत तापमान जमिनीपासून सुमारे सव्वा मीटर उंचीवर, झडपांच्या पांढऱ्या लाकडी पेटीत, सावलीत मोजतात. स्थिर रात्री गवताच्या पात्याचे तापमान त्याहून कित्येक अंशांनी खाली असू शकते. म्हणूनच पेटीतील पारा तीन-चार अंशांवर असतानाही द्राक्षाच्या पानावरचे दव गोठलेले सापडते, आणि ‘शून्य अंश’ अशी अफवा लगेच पसरते. मण्यात पाणी उतरण्याच्या दिवसांत मणी तडकू नयेत म्हणून पहाटे बागेत शेकोट्या पेटवणारा आणि ठिबक चालू करणारा बागायतदार हा फरक जाणतो. बातमी लिहिणाऱ्यालाही तो ठाऊक असावा, एवढेच म्हणणे आहे.

आता हवामान बदलाविषयी. गारपीट झाली की ‘हवामान बदलाचा फटका’ आणि कडाक्याची थंडी पडली की ‘कुठे गेली तापमानवाढ?’ अशी दोन्ही टोके एकाच वर्षात वाचायला मिळतात. फेब्रुवारी-मार्च २०१४ मधील गारपिटीने महाराष्ट्रातील शेतकऱ्यांचे झालेले नुकसान कोणी विसरणार नाही. तरीही एका गारपिटीवरून हवामान बदलले असे सिद्ध होत नाही आणि एका थंड पहाटेवरून ते बदलले नाही असेही होत नाही. बदल सिद्ध होतो तो दीर्घ नोंदींवरून. हवाई बेटावरील मौना लोआ वेधशाळेत १९५८ मध्ये मोजणी सुरू झाली तेव्हा हवेतील कार्बन डायऑक्साइडचे प्रमाण दहा लाख भागांत सुमारे ३१५ भाग होते, आज ते ४२० च्या पुढे आहे. २०२४ हे वर्ष मोजणी सुरू झाल्यापासूनचे सर्वांत उष्ण वर्ष ठरले. हवा एका अंशाने तापली की तिची बाष्प धरण्याची क्षमता साधारण सात टक्क्यांनी वाढते, त्यामुळे जोरदार सरी अधिक जोरदार होण्याला भौतिक कारण आहे. एल निनोबद्दलही, म्हणजे प्रशांत महासागराचे विषुववृत्ताजवळचे पाणी नेहमीपेक्षा तापून आपला पाऊस कमी होण्याची शक्यता वाढते त्या स्थितीबद्दलही, तारतम्याने लिहावे. २०२३ मध्ये तो होता आणि देशात १९०१ पासूनचा सर्वांत कोरडा ऑगस्ट गेला, हे खरे. पण १९९७ मध्ये एल निनो अतिशय प्रबळ असूनही देशभरातील मोसमी पाऊस सरासरीइतका झाला होता.

यास्तव माझ्या सूचना साध्या आहेत. रोजच्या कमाल-किमान तापमानापुढे त्या दिवसाची सरासरी आणि तिच्यापासूनचा फरक द्यावा. पावसाचा आकडा ‘आजचा’ म्हणून न छापता ‘सकाळी साडेआठपर्यंतच्या २४ तासांतील’ असा छापावा, कारण हवामान विभागाची मोजणी तशी असते, आणि तो जिल्ह्याचा सरसकट न देता तालुक्याचा, शक्य असेल तेव्हा महसूल मंडळाचा द्यावा. ‘ढगफुटी’ हा शब्द मर्यादित परिसरात तासाभरात १०० मिलिमीटर पाऊस झाल्याची नोंद असेल तेव्हाच वापरावा. गटारे तुंबून रस्त्यावर गुडघाभर पाणी साचले तर तो प्रश्न वेगळ्या खात्याचा आहे. यासाठी सध्याच्या चौकटीत आणखी दोन रकाने पुरतील, आणि ती जागा पान एकवरच्या राशिभविष्यातून काढता आली तर वाचक म्हणून माझी हरकत नाही.

आपला,
एक वाचक,
गंगापूर रोड, नाशिक