आजी-आजोबांसाठी फ्लूची लस: रविवार, ७ जून

सर्व सभासदांना नमस्कार,

येत्या रविवारी सकाळी ९ ते १२ या वेळेत सोसायटीच्या हॉलमध्ये ६० वर्षांवरील सगळ्यांसाठी फ्लूची लस ठेवली आहे. आपल्याकडे फ्लू पावसाळ्यात जोर धरतो आणि लस लागू पडायला साधारण दोन आठवडे जातात, म्हणून आत्ताच. "मागच्या वर्षी घेतली की" हे कारण चालणार नाही. विषाणू बदलत राहतो, लस दरवर्षी घ्यावी लागते.

• नावं शुक्रवारी रात्रीपर्यंत सेक्रेटरींकडे द्या. ऐनवेळी डोस मिळणार नाही.
• चालू औषधांची चिठ्ठी आणा. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल किंवा पूर्वी एखाद्या लसीची रिअॅक्शन आली असेल, तर टोचण्याआधी डॉक्टरांना सांगा.
• अंगात ताप असेल तर येऊ नका, नंतर बघू.
• लस घेतल्यावर अर्धा तास बसायचं आहे. चहा आहे, बिनसाखरेचाही.

आणखी एक. वयस्कर माणसांना आजारपणात ताप येईलच असं नाही. गेल्या पावसाळ्यात माझ्या सासूबाईंना नव्हताच. दोन दिवस जेवण टाकलं, आणि दुपारी चारला सकाळ समजून दात घासायला गेल्या, तेव्हा आमच्या लक्षात आलं. असा गोंधळ किंवा धाप दिसली तर काढ्यावर थांबू नका, लगेच दवाखान्यात न्या.

शिंकणाऱ्या नातवंडांना चार-पाच दिवस आजीच्या कुशीत झोपू देऊ नका. रडारड होईल, होऊ द्या.

– आरोग्य समितीतर्फे