डावखुऱ्या मुलीचं सरांना पत्र

आदरणीय सर,
सादर नमस्कार.

परवा बॉक्सिंग शिकायला आलेल्या एका नव्या मुलीच्या हाताला ग्लोव्हजखालचं बँडेज बांधताना तोंडून तुमचंच वाक्य निघालं, "मूठ वळ. घट्ट वाटतंय की दुखतंय?" ती "घट्ट" म्हणाली, तरी मी तिची नखं निळी पडली नाहीत ना ते पाहिलं. तुम्ही माझी पाहायचात तशीच. हे पत्र कधीच लिहायला हवं होतं.

मी आले तेव्हा डावखुरी असून डावा पाय पुढे टाकून उभी राहायचे. आधी तसंच शिकवलं होतं. तुम्ही मागून खांद्याला हलकेच ढकललंत. सावरताना उजवा पाय पुढे पडला. "हाच पुढे ठेव," एवढंच म्हणालात. तुम्हीही डावखुरे, हे खूप नंतर कळलं. डावऱ्याला पॅड, म्हणजे ठोसे झेलायची हातातली गादी, धरायचा कंटाळा म्हणून तुमच्या वस्तादांनी तुमची उभं राहायची ठेवणच उलटी फिरवली होती. त्यामुळे मागून जोराचा ठोसा मारायचा तो उजवा हात आयुष्यभर कच्चा राहिला. माझ्यासाठी मात्र तुम्ही पन्नाशीत आरशासमोर उभे राहून उलट्या बाजूने पॅड धरायला शिकलात.

माझा पुढचा पाय समोरचीच्या पुढच्या पायाच्या बाहेर पडावा म्हणून खडूने रेघ मारायचात. दिवसच्या दिवस नुसतं पाऊल, ठोसा नाहीच. फार चिडायचे मी. पहिल्या लढतीत ते पाऊल बरोबर पडलं आणि डावा हात तिच्या गार्डमधून, तोंडापुढे धरलेल्या हातांमधून, सरळ आत गेला, तेव्हा त्या रेघेची किंमत कळली.

आणि तुमचं ते कॉर्नरमधलं एक मिनिट! तीन मिनिटांचा राउंड संपला की इतरांचे कोच ओरडत सुटायचे. तुम्ही आधी श्वास घेऊ द्यायचात, मग एकच गोष्ट सांगायचात. "हनुवटी." बस्स.

मुलींना शिकवता म्हणून तुम्हाला हसणारे कमी नव्हते. ऑलिम्पिकमध्ये महिलांचं बॉक्सिंग आलं ते २०१२ साली, लंडनला. तुम्ही त्याच्या कितीतरी आधीपासून मुलींना रिंगमध्ये उभं करत होतात.

आता ज्यासाठी माफीही मागायची आहे ते. स्पारिंगमध्ये, म्हणजे सरावाच्या लढतीत, कानशिलावर हुक, बाजूने येणारा ठोसा, बसला. पडले नाही, पण भिंतीवरचं घड्याळ दोन-दोन दिसत होतं. "मी ठीक आहे," म्हटलं. तुम्ही न बोलता माझे ग्लोव्हज सोडलेत, तडक डॉक्टरांकडे नेलंत आणि ते हो म्हणेपर्यंत रिंगमध्ये चढू दिलं नाहीत. स्पर्धा १२ दिवसांवर होती. मी तुमच्याशी बोलणंच टाकलं. हेडगार्डमुळे भुवई फुटायची वाचते, आत मेंदूला बसणारा हिसका थांबत नाही. पहिला बरा व्हायच्या आत दुसरा बसला तर जिवावर बेतू शकतं, हे तुम्ही शांतपणे समजावलंत. मग स्वतःचं सांगितलंत. "तोंडावर पाणी मार आणि चढ," असं तुम्हाला म्हटलं गेलं आणि तुम्ही चढलात. नंतर कित्येक महिने उजेड सोसला नाही. तेविसाव्या वर्षी खेळ सुटला.

ते बारा दिवस मी तुमच्याकडे पाहिलंही नाही, सर. माफ करा. आणि मनापासून आभार, त्या दिवसासाठी सगळ्यात जास्त.

ती नवी मुलगीही डावखुरी आहे. तिला पॅड धरताना माझा खांदा अजून वर जातो. एकदा येऊन बघाल का?

तुमची विद्यार्थिनी