पेटी माळ्यावरून खाली काढ

सोलापूर
दिवाळीनंतरचा रविवार

प्रिय शैला,
सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र मिळालं. मामंजींची तब्येत आता सुधारते आहे हे वाचून बरं वाटलं. पण पत्राच्या शेवटी तू जाता जाता लिहिलंस ना, "भरतकामाची पेटी माळ्यावर टाकली, आता मुलं मोठी झाल्यावरच बघू", ते काही माझ्या डोक्यातून जात नाही. शाळेत दोसुतीच्या कापडावर भरलेला तुझा रुमाल बाई उलटा करून वर्गभर फिरवायच्या, कारण मागच्या बाजूलाही एक गाठ दिसायची नाही. त्या हातांनी सुई सोडावी हे मला पटत नाही. म्हणून आज सगळी कामं बाजूला ठेवून लिहायला बसले आहे.

तू म्हणतेस वेळ नाही. मला वाटतं, वेळेपेक्षा तुझी अडचण जागेची आहे. कुकरच्या शिट्ट्या होईपर्यंत, मुलं क्लासहून येईपर्यंत, दुपारी मामंजींचा डोळा लागल्यावर, थोडाथोडा वेळ तुलाही मिळत असणार. पण त्यात पेटी काढायची, रिंग लावायची, लडीचा गुंता सोडवायचा आणि चार टाके पडतात न पडतात तोच ताटं घ्यायची म्हणून सगळं आवरायचं. माणूस टाक्यांनी थकत नाही गं, या काढण्या-घालण्यानं थकतो. अर्धवट काम मांडलेलं राहील अशी हातभर जागा घरात असली, की तोच वेळ पुरतो. नसली तर अख्खा रविवार मोकळा मिळूनही काही होत नाही.

साखर पेठेत तुमच्या शेजारी ते पद्मशाली कुटुंब होतं, आठवतं? पुढच्याच खोलीत हातमाग. काका मागाखालच्या खड्ड्यात पाय सोडून बसलेले, धोटा इकडून तिकडे पळतोय, आणि काकू दाराशी चरख्यावर कांड्या भरताहेत. त्याच खोलीत पाळणा टांगलेला, त्याच खोलीत मुलांचा अभ्यास, पाहुणा आला तर त्यालाही मागाशेजारीच पाट. जेवणवेळ झाली म्हणून माग कुणी उचलून ठेवत नव्हतं. काकूंचे खांदे रात्री किती ठणकायचे हे आपण ऐकलेलं आहे, त्यामुळे त्यांच्या कष्टांशी आपल्या हौशीची बरोबरी मी करणार नाही. त्यांचं पोट त्या मागावर होतं. पण एका कामाला पक्की जागा दिली की घर आपोआप त्याच्याभोवती बसतं, हे मी त्या खोलीत पाहिलं आणि तेच धरून आहे.

आमच्याही दोनच खोल्या आणि स्वयंपाकघर. खिडकीखाली शिलाई मशीन आहे, त्याची फळी मी मिटत नाही. शेजारच्या देवळीत पूर्वी नुसती बिलं आणि औषधं साठायची, तिथे आता धाग्यांचे डबे आहेत. एवढीच माझी जागा. तिथलं काम कुणी हलवायचं नाही, हे घरात सगळ्यांना सांगून ठेवलंय, ह्यांनाही. सुरुवातीला ह्यांना पसारा वाटायचा. मग मीच म्हटलं, तुमचं वर्तमानपत्र दिवसभर खुर्चीवर पडलेलं चालतं ना, तसंच हे. त्यानंतर विषय निघाला नाही, उलट कारखान्यातून टॉवेलच्या काठांच्या पट्ट्या आणून देतात.

लहान मुलांच्या घरात सुयांची भीती मोठी, तुझा धाकटा तर आता कुठे चालायला लागलाय. मी रोज रात्री सुया मोजून सुयांच्या छोट्या गादीला टोचते. एखादी कमी भरली तर जुन्या स्पीकरमधलं लोहचुंबक फरशीवरून फिरवायचं, चटकन सापडते. कात्री खिळ्यावर, उंच. आणि जेवण झालं की हात साबणाने धुतल्याशिवाय कापडाला शिवायचं नाही. शेंगाचटणीचं तेल दोसुतीत एकदा उतरलं की निघत नाही, हे तुला मी काय सांगावं!

सध्या आमच्याकडे गोधडी चालू आहे, खरं तर सासूबाईंची. त्यांना गुडघ्यांमुळे बाहेर पडवत नाही, पण हात अजून तसेच आहेत. आत घालायला त्या फक्त जुन्या सुती साड्या घेतात. धुऊन धुऊन त्यांचं आटायचं तेवढं आटून झालेलं असतं. नवं कापड घातलं तर पहिल्याच धुण्यात ते आखडतं आणि सगळी गोधडी चुण्या धरते. सिंथेटिक साडी तर दिवाणापाशीही येऊ देत नाहीत, आतल्या आत सरकते आणि घामही टिपत नाही. थर अंथरले की आधी मधूनमधून लांब कच्चे टाके, म्हणजे काही हलत नाही. मग एका कोपऱ्यातून धावदोरा सुरू करायचा तो चारी कडांनी फिरत फिरत आत, मध्यापर्यंत. त्यांचा टाका तांदळाएवढा पडतो. मी शेजारी बसून घातलेली ओळ त्या बोटाने चाचपतात आणि काही न बोलता पुढे शिवू लागतात, तेव्हा मला कळतं की ती जमली आहे. रात्री सुई काढून ठेवतात आणि तीच अर्धी गोधडी पांघरून आमचा धाकटा झोपतो. शिवून होण्याआधीच ती वापरात आली, याचं त्यांना केवढं कौतुक आहे.

थोरली आठवीत आहे. तिला गोधडीत रस नाही, आणि मी तिला ओढतही नाही. तिचं वेड वेगळंच निघालं. आपली सोलापुरी चादर दिवाणावर असतेच. एकदा ती तिचा कोपरा उलटून बसली. वर लाल फूल निळ्यावर, तर खाली तेच फूल निळं आणि भोवती लाल. मग तिने नीट पाहिलं तर पाकळीला गोलाई नाहीच, सगळ्या पायऱ्या. ह्यांनी तिला समजावलं, की चादरीचं डिझाइन आधी चौकटीच्या कागदावर काढतात, मग त्यावरून पुठ्ठ्याच्या कार्डांना भोकं पाडतात, आणि कुठला उभा धागा उचलायचा ते भोक ठरवतं. फ्रान्समधल्या जाकार नावाच्या माणसाने १८०४च्या सुमारास हा माग काढला, तोच आपला जॅकार्ड. झालं! तिने गणिताच्या वहीचा चौकटीचा कागद फाडला, धागे मोजत मोजत तो कोपरा उतरवला, आणि आता तेच फूल दोसुतीवर फुलीच्या टाक्याने भरते आहे. लाल धागा आणायला नव्या पेठेत दोन दुकानं पालथी घातली, कारण तिला हुबेहूब चादरीचाच लाल हवा होता. ज्या गावात १८७७ साली कापडाची गिरणी, आपली 'जुनी मिल', उभी राहिली, त्या गावातल्या मुलीने चादर अशी वाचावी, याचा मला फार आनंद झाला.

घर सजवण्याबद्दल तू लिहिलंस, की रेडिमेड वस्तू स्वस्त पडतात. पडतात. पण किमतीचा हिशेब लावायचाच तर मग घरच्या पोळ्यांनाही लावावा लागेल. मी सगळं घर सजवायच्या भानगडीत पडत नाही. दारासमोरची एक भिंत ठेवली आहे, ती सणागणिक बदलते. चैत्रात थोरली पाटाला गेरू लावून त्यावर चैत्रांगण काढते, तो पाट तिथे टेकवायचा. गौरी-गणपतीत मखर तिथेच. २०१८ साली राज्यात थर्माकोलवर बंदी आल्यापासून आम्ही खोक्याच्या पुठ्ठ्यावर टॉवेलच्या पट्ट्या ताणून मखर करतो, आणि घडी करून पुढच्या वर्षी पुन्हा वापरतो. दिवाळीला कंदील. मधल्या दिवसांत भिंत रिकामी असते, आणि रिकामीच छान दिसते. काहीतरी लावायचंच म्हणून लावलेल्या वस्तूंवर नुसती धूळ बसते.

रोज काही होतंच असं समजू नकोस. नळाला पाणी यायच्या दिवशी सुईला हात लागत नाही. परीक्षांत सगळं थांबतं. एप्रिल-मे मात्र आपला. बाहेर बेचाळीस-त्रेचाळीसचं ऊन, दुपारी दार उघडायची सोय नाही, तेव्हा पंख्याखाली सगळे मिळून बसतो.

तुझ्या फ्लॅटचा विचार मी करून ठेवला आहे. हॉलमधून गॅलरीत जायच्या दारामागे जो कोपरा आहे, तिथे मुलांच्या सायकली असतात ना, त्या खाली पार्किंगमध्ये ने. तिथे भिंतीला घडीची फळी ठोकून घे, धाकट्याचा हात पोचणार नाही एवढ्या उंचीवर. वर दिवा आहेच. मामंजींचा पलंगही तिथून दिसतो, म्हणजे तुला उठबस कमी. आणि नव्याने मोठं काही काढू नकोस. पेटीत तो अर्धा राहिलेला मोराचा टेबलक्लॉथ असणार, तोच घे.

भोगी-संक्रांतीला मुलांना घेऊन ये. सिद्धेश्वराच्या नंदीध्वजांची मिरवणूक पाहू, होम मैदानावर गड्ड्याच्या जत्रेत फिरू. आमच्या धाकट्यासाठी मिरवणुकीत घालायची पांढरी बाराबंदी शिवायला घेतली आहे, तुझ्याही धाकट्याची शिवते. छातीचं आणि उंचीचं माप लगेच कळव. मोराला कुठला निळा कमी पडतोय त्याचा लडीवरचा नंबरही लिही, तू येईपर्यंत आणून ठेवते.

मामंजींना नमस्कार, मुलांना गोड पापा.

तुझीच,
मीना