"ती शोधतेय, मी शेजारी बसलोय"

सर, नमस्कार.

दोन महिने होऊन गेले, तरी ती रात्र आठवली की गळा दाटून येतो. समोर बोलायला गेलं की तुम्ही "अगं, सोड ना ते" म्हणून विषय बदलता. म्हणून इथे, सगळ्यांसमोर लिहितेय.

पिंपळगाव बसवंतचं ते कोल्ड स्टोरेज ऐन हंगामात द्राक्षांनी भरलेलं. खोलीचं तापमान शून्याच्या आसपास राहायला हवं, वर सरकलं की मालकांना मेसेज गेला पाहिजे. प्रोग्राम माझा. दिवसभर चोख चालायचा, रात्री मेसेज अडकायचे. तुमच्या आधी दोघांना विचारलं होतं. एकाने पैसे घेतले आणि रोज रात्री सर्व्हर रीस्टार्ट करायला सांगितलं. दुसऱ्याने प्रोग्राममध्ये जिथे तिथे लॉक, म्हणजे एका वेळी एकालाच आत सोडणाऱ्या कड्या, लावायला लावले. मग एखादा थ्रेड (प्रोग्राममध्ये समांतर चालणारं काम) लॉक धरून बसला की इव्हेंट लूपच (आलेली कामं एकेक करून उरकणारा मुख्य फेरा) त्याच्यासाठी खोळंबायचा आणि सगळीच कनेक्शन्स गोठायची. जाताना "हिला हे झेपणारं नाही" असं मालकांना सांगून गेला, तेही माझ्यादेखत.

तुम्ही रात्री साडेदहाला नाशिकच्या अंबडहून स्कूटरवर आलात, कानाला मफलर गुंडाळून. खुर्ची ओढून बसताय तोवर मालकांचा फोन आला. माझा हात थरथरत होता, म्हणून तुम्ही उचललात. चूक कोणाची, हाच त्यांचा पहिला प्रश्न. तुम्ही शांतपणे म्हणालात, "ती शोधतेय. मी शेजारी बसलोय." तोवर तुम्ही माझ्या कोडची एक ओळही पाहिली नव्हती, सर.

कीबोर्ड तुम्ही शेवटपर्यंत माझ्याकडेच ठेवलात. डीबग मोड (चुका पकडणारी जादा तपासणी) चालू करायला सांगितलंत आणि जी आम्ही महिनाभर शोधत होतो ती ओळ एररसकट समोर आली. सेन्सर वाचणाऱ्या थ्रेडमधून मी थेट 'कॉल_सून' (लूपच्या यादीत काम टाकणारी आज्ञा) करत होते. वजनकाट्याच्या पावतीमागे तुम्ही एक दार काढलंत. "आत लूप झोपलाय. तू फटीतून चिठ्ठी सरकवलीस, पण बेल नाही वाजवलीस. दिवसा लोकांची ये-जा असते, दार उघडतं, चिठ्ठी दिसते. रात्री कोण उघडणार?" दुसऱ्या थ्रेडमधून वापरायचं 'कॉल_सून_थ्रेडसेफ' चिठ्ठी टाकतं आणि लूपच्या सॉकेटवर एक बाइट पाठवून त्याला जागंही करतं, हे तेव्हा लख्ख कळलं. 2014 मध्ये पायथन भाषेच्या 3.4 आवृत्तीबरोबर असा लूप चालवणारं अ‍ॅसिंकआयओ आलं तेव्हापासून ही सोय त्यात आहे. कागदपत्रांत मी ती वाचलीही होती. पण का, हे कोणी सांगितलं नव्हतं.

आता थ्रेड फक्त सेन्सर वाचतात आणि कनेक्शनला हात एकटा लूपच लावतो. लॉक सगळे काढून टाकले. त्या रात्रीनंतर एकही मेसेज अडकलेला नाही.

हुशार माणसं आपल्या नाशकात पुष्कळ आहेत. पण समोरच्याची अब्रू आधी सांभाळून मग चुकीकडे वळणारी किती? मला तरी तुम्ही पहिले भेटलात. परवा नवीन आलेल्या मुलाचा प्रोग्राम कोसळला, तेव्हा मीही खुर्ची ओढून त्याच्या शेजारी बसले. कीबोर्ड त्याच्याकडेच ठेवला.

मालकांनी पाठवलेली द्राक्षांची पेटी तुम्ही परत केलीत, असं कळलं. रविवारी आईला घेऊन मी स्वतः पेटी घेऊन येतेय. काकूंना सांगून ठेवलंय, त्यामुळे आता नाही म्हणू नका.

तुमची,
पिंपळगावच्या कोल्ड स्टोरेजवाली