कात्रणाच्या मागच्या बाजूला तुमचा अग्रलेख आहे

मा. संपादक,
स.न.वि.वि.

मागच्या रविवारी तुमच्या पुरवणीत गुडघेदुखीच्या तेलाची अर्धं पान जाहिरात होती, पांढरा कोट घातलेला माणूस, खाली मिस्ड कॉलचा नंबर आणि 'सात दिवसात फरक नाही तर पैसे परत'. सोमवारी सकाळी माझ्या दुकानाचं शटर पूर्ण वर पण गेलं नव्हतं तेवढ्यात एक आजोबा कात्रण घेऊन हजर. बंडीच्या खिशातून काढलं, चार घड्या उलगडल्या आणि काउंटरवर हाताने सपाट करून म्हणाले, "हे दे बाबा, पेपरात आलंय." मी म्हटलं आजोबा याच्यात काही नाही, त्यापेक्षा एकदा डॉक्टरला दाखवा. तर म्हणाले, "पेपरवाले काय खोटं छापतील व्हय?"

मी बार्शीत बावीस वर्षं मेडिकल चालवतोय आणि हा प्रश्न मला महिन्यातून चार-पाचदा तरी ऐकावा लागतो, म्हणून म्हटलं एकदा तुम्हालाच विचारू.

माझा भाचा फार्मसीला आहे, त्याने मागे एका अमेरिकन बाबाबद्दल सांगितलं होतं. मग मी दुकान बंद केल्यावर दोन-तीन रात्री त्याच्याबद्दल वाचत बसलो. नाव जॉन ब्रिंकली. जन्म 1885 चा, नॉर्थ कॅरोलिना. शिकागोत डॉक्टरकीचं शिक्षण अर्धवट सोडलं आणि पुढे कॅन्सस सिटीच्या एका कॉलेजातून पैसे भरून पदवी आणली, आपल्याकडे ज्याला दुकान म्हणतात तसलं कॉलेज. 1917 ला कॅन्सस राज्यातल्या मिलफर्ड नावाच्या पार आडबाजूच्या खेड्यात दवाखाना टाकला. तिथे एक शेतकरी आला, म्हणाला डॉक्टर, आता पहिल्यासारखी ताकद राहिली नाही. बोलता बोलता बोकडाचा विषय निघाला आणि ब्रिंकलीने खरोखरच बोकडाच्या वृषणाचा तुकडा त्या माणसाच्या अंगात बसवला. हसू नका, पुढे एका ऑपरेशनचे 750 डॉलर घ्यायला लागला आणि तेही शंभर वर्षांपूर्वीचे डॉलर. दवाखान्याच्या मागे बोकडांचा गोठा, टोगेनबर्ग जातीचे कारण त्यांना म्हणे वास कमी, आणि पेशंटने स्वतः जाऊन आपला बोकड निवडायचा, आपण बाजारात निवडतो तसा.

आता त्या तुकड्याचं शरीरात काय होणार? काही नाही. परकं मांस शरीर ठेवून घेत नाही, ते तिथेच जिरून जातं आणि नशीब खोटं असेल तर जखम चिघळते. पण 750 डॉलर मोजलेला माणूस घरी जाऊन 'मला काही फरक नाही' असं सांगणार थोडीच, आणि तेही असल्या विषयात. या धंद्याची खरी गोम तिथे आहे, गिऱ्हाईक तक्रार करत नाही. माझ्याकडे ताकदीची पावडर नेणारे पण कधी रिकामा डबा घेऊन भांडायला आलेले नाहीत. (हो, मी पण विकायचो. मार्जिन साध्या गोळ्यांच्या दुप्पट होतं, कशाला खोटं बोलू.)

पण साहेब, मला बोकडापेक्षा पुढचं महत्त्वाचं वाटतं आणि ते तुमच्या धंद्याशी संबंधित आहे. 1922 ला लॉस एंजेलिस टाइम्सचे मालक हॅरी चँडलर यांनी या माणसाला बोलावून घेतलं, आपल्याच पेपरातल्या एका संपादकावर ऑपरेशन करायला लावलं आणि पेपरात वाहवा छापली. झालं, गिऱ्हाइकांची रांग लागली. चँडलर तेव्हा स्वतःचं रेडिओ स्टेशन उभं करत होते, ते बघून ब्रिंकलीच्या डोक्यात किडा वळवळला आणि 1923 ला त्याने मिलफर्डमध्ये केएफकेबी नावाचं स्वतःचं स्टेशन काढलं. म्हणजे एवढी वर्षं खेड्यात बसून बोकड कापणारा माणूस देशभर गेला तो एका पेपरच्या खांद्यावर बसून.

रेडिओवर त्याचा एक कार्यक्रम असायचा, लोक पत्राने दुखणं कळवायचे आणि हा माइकसमोर पत्र वाचून औषध सांगायचा. औषधाचं नाव नाही, नुसता नंबर! पेशंटला डोळ्यांनी बघितलेलं नाही, नाडी नाही, काही नाही. कोर्टाच्या निकालात एक नमुना दिलाय, कुणीतरी घरच्या माणसाचं दुखणं कळवलंय, याचं उत्तर असं की पित्ताचे खडे असावेत, नाही नाही, मूतखडे, 80 आणि 50 नंबर चालू करा, 64 पण द्या आणि पाणी भरपूर प्या. त्यातलं पाणी तेवढं बरोबर होतं. हे नंबर ठरलेल्या मेडिकल दुकानांत मिळायचे, किंमत चढी आणि प्रत्येक बाटलीमागे वाटा ब्रिंकलीला. हे वाचलं आणि मी फोन खाली ठेवला, कारण ते दुकानदार म्हणजे मीच की! स्कीम आली, माल ठेवला, गिऱ्हाइकाने नंबर सांगितला, दिला.

असं नाही की कुणाला कळत नव्हतं. विकतच्या पदव्यांच्या प्रकरणात कॅलिफोर्नियाचे लोक त्याला पकडायला आले तर कॅन्ससच्या गव्हर्नरने (तिथे तो निवडून येतो, आपल्या मुख्यमंत्र्यासारखा) हाकलून दिले, का तर राज्यात पैसा येतोय. दुभत्या गाईच्या लाथा गोड. शेवटी 1930 ला मेडिकल बोर्डाने लायसन काढलं तेव्हा ज्या मृत्यूच्या दाखल्यांवर याची सही होती असे 42 निघाले. त्याच वर्षी रेडिओचं लायसनही गेलं. मग साहेब काय करतात, तर गव्हर्नरच्या निवडणुकीला उभे राहतात! मतपत्रिकेवर नाव नाही, लोकांनी हाताने लिहायचं, तरी सुमारे 1 लाख 83 हजार मतं, आणि स्पेलिंग चुकलं म्हणून बाद झालेली वेगळी. दोन वर्षांनी परत उभा राहिला तर 2 लाख 44 हजारांच्या वर. लायसन गेलेल्या माणसाला!

पुढे टेक्सासात सीमेवर डेल रिओला गेला आणि नदीपलीकडे मेक्सिकोत अमेरिकेचा कायदा पोचत नाही म्हणून तिथे दांडगा टॉवर उभा केला. आता बोकड मागे पडले, निळा रंग टाकलेल्या पाण्याची इंजेक्शनं, सहाचे 100 डॉलर. वाडा काय, बोट काय, सगळं केलं.

त्याला शेवटी खाली आणला तोही एक संपादकच, अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या जर्नलचे मॉरिस फिशबाइन. त्यांनी 1938 ला सरळ नाव घेऊन भोंदू म्हणून लिहिलं. ब्रिंकलीने अब्रूनुकसानीचा दावा लावला आणि 1939 ला स्वतःच्याच गावात, डेल रिओत हरला. भोंदू हा शब्द कोर्टात टिकला म्हटल्यावर पेशंटांनी दाव्यांची रांग लावली, 1941 ला दिवाळं आणि 1942 ला माणूस गेला.

आता तुम्ही म्हणाल ही अमेरिकेची जुनी गोष्ट, आम्हाला कशाला. तर आपल्याकडे 1954 पासून एक कायदा आहे, औषधं आणि जादूई उपचारांच्या आक्षेपार्ह जाहिरातींचा. त्याच्या यादीत डायबेटिस आहे, संधिवात आहे, लठ्ठपणा आहे, उंची वाढवणं आहे, मर्दानगी तर आहेच. या दुखण्यांवर इलाज आहे अशी लोकांसाठी जाहिरातच करायची नाही, औषध कुठल्या का पॅथीचं असेना. कलम 3 काय म्हणतं बघा, अशी जाहिरात प्रसिद्ध करण्यात कोणीही भाग घ्यायचा नाही, आणि भाग घेणं म्हणजे काय याच्या व्याख्येत पहिलाच शब्द छपाई आहे. पहिल्या गुन्ह्याला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही. तुमच्या पानावर तळाला बारीक अक्षरात जे येतं ना, 'जाहिरातीतील दाव्यांशी वृत्तपत्र सहमत असेलच असे नाही', ते या कायद्यात मला कुठे सापडलं नाही. 2024 ला पतंजलीच्या केसमध्ये माफीनामा छापून आला तेव्हा सुप्रीम कोर्टाने विचारलं होतं की हा तुमच्या जाहिरातीएवढाच मोठा आहे का. मला तो प्रश्न फार आवडला, पेपरच्या भाषेतला आहे.

मला माहितीये कागद महागलाय, जाहिरातीशिवाय पेपर चालत नाही. माझं पण दुकान आहे, भाडं आहे, दोन पोरं कामाला आहेत. तरी ती ताकदीची पावडर मी जानेवारीपासून बंद केली, शेजारच्या दुकानात मिळते, लोक तिकडे जातात, जाऊ देत.

आजोबांना मी तेल दिलं नाही. ते रागावून गेले आणि कात्रण काउंटरवरच राहिलं, ते या पत्रासोबत पाठवतोय. उलटून बघा, पाठीमागे तुमच्या अग्रलेखाचा अर्धा भाग आलाय, अंधश्रद्धेवरचाच आहे. पत्र मोठं झालंय, छापायचं असेल आणि जागा कमी पडली तर बोकड कापा, कलम 3 राहू द्या.

आपला,
एक मेडिकलवाला, बार्शी